कौल

रवळनाथाला कौल लावला.
कळी चिकटूनच राहिली,
उजवी नाही, डावीही नाही.
गुरव म्हणाला, उद्या ये गो, सुगंधा.

उद्या कुठला? तांदळाचा डबा कालच खरवडला.
होडीचं इंजिन शिमग्यापासून गॅरेजात
आणि हे अंथरुणात.

अवसेची पहाट. खाडी पार खाली उतरलेली,
कुणी ताटावरचं फडकं
अलगद काढावं तशी.
ओल्या वाळूत बारीक भोकं,
बुडबुडा आला की समजायचं:
इथे खण.
आता इथे.

टोपली भरली तिसऱ्यांनी.
नखाएवढ्या होत्या
त्या परत पुरल्या, त्याच्या हवाली.

पाणी पायाला लागलं तेव्हा
होय म्हाराजा, एवढंच म्हटलं.

कळी अजून चिकटलेलीच असेल.
असू दे.