दोन ओरींत बोट

बुधवारी दुपारी लाइट गेली
आणि पडद्यावरचं चित्र, साबणाची एकच वडी चाळीस वेळा,
चाळिसाव्या वडीसकट विझलं.
राहू द्या, म्हणालो, आठवून लिहा.
पॉप आर्ट कुणासाठी, कुणाला टोचतं,
दीडशे शब्द, शुक्रवारपर्यंत.

सिंदेवाहीच्या या कॉलेजात आमच्या वर्गाला खिडकी एकच.
तिच्यातून राइस मिलचा कोंडा येतो
आणि ज्याची वही उघडी त्याच्यावर बसतो.

लोमेश गुरनुलेनं लिहिलं:
आमच्या न्हाणीला युरियाच्या बोऱ्यांचा आडोसा आहे.
सोळा बोऱ्या. एकच नाव सोळा वेळा,
त्यातली दोन उलटी, कारण बाबांनी अंधारात शिवली.
मी रोज अंगावर पाणी घेत तेच वाचत मोठा झालो.
चित्रकाराचं विकलं गेलं, चांगलं झालं.
आमचं उन्हानं फाटतं, दर दोन वर्षांनी नवीन लावावं लागतं.
चित्राला दहापैकी सहा.

मी लोमेशला नऊ दिले.
एक कापला, तो निव्वळ हेव्यानं.

पुढचं काम: एक गाणं घ्या.
चित्र नको, फोटो नको, नुसती अक्षरं.
पोस्टर ऐकू यायला हवं, असंही म्हणालो,
कारण पुण्यात मला कुणीतरी तसं म्हटलं होतं
आणि तेव्हा ते फार खोल वाटलं होतं.

बहुतेकांनी मोबाइलमधली गाणी आणली.
ढोलाला जाड टाइप, विरहाला तिरका.
करिष्मा मडावीनं डीजेच्या गाण्यातला एक 'धा' एवढा वाढवला
की काना कागदात मावेना,
तो तिनं शेजारच्या बेंचवर खडूनं काढला.

प्रणोती नन्नावरेनं आईचं रोवण्याचं गाणं आणलं.
शिरोरेषा अक्षरांवरून उचलून खाली ठेवलेली, पाण्यासारखी,
अक्षरं त्यात घोट्याएवढी उभी.
ओळी खालून वर वाचायच्या.
असं का, तर रोवणाऱ्या बाया मागं मागं सरकतात, सर,
झालेलं काम त्यांच्या तोंडासमोर राहतं.

कारी बांदी, निरा पानी
डोरा माजा धुऱ्यावरी

मी लाल पेन काढला.
काळी. निळा. पाणी. डोळा. माझा.
पाच गोल.
बांदीपुढं समासात प्रश्नचिन्ह: दासी?
आधी शुद्धलेखन, म्हणालो, मग डिझाइन.

ती थोडा वेळ पेनाच्या टोपणाकडं बघत राहिली.
बांदी म्हणजे धानाचं शेत, सर.
आणि आईच्या तोंडात ळ नाही.
मी तो सारेत, म्हणजे शाळेत, शिकली.
घातला तर दिसेल बरोबर.
ऐकू नाही येणार.

मी टोपण लावलं. ते लागेना,
दुसऱ्याच पेनाचं होतं.

वडशाच्या छापखान्यात, जिथं नाटकांची पोस्टरं निघतात,
मशीनवरच्या पोरानं चांगल्या मनानं सगळे ळ घालून दिले.
वरून म्हणाला, ताई, तुमच्या फाइलीत लई चुका होत्या.
पैसे पुन्हा भरले. अर्धे तिनं, अर्धे मी.
मी ते दंड म्हणून भरले, तिला सांगितलं नाही.

प्रदर्शनाला तिची आई आली, पायाला अजून चिखल,
अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून.
युरियाच्या बोऱ्या लोमेशनं खरोखर आणून टांगल्या होत्या,
त्या पाहून ती हसली, पदर तोंडाला लावून.
मग आपल्या गाण्यासमोर थांबली.
तिला वाचता येत नाही, असं प्रणोती मला हळूच म्हणाली,
जणू ते पोस्टरच्या बाजूनं सांगायला हवं होतं.

आईनं तर्जनी दोन ओळींच्या मध्ये घातली.
काढली. खालच्या दोन ओळींत घातली.
दाट झाला बाई, म्हणाली.
दोन ओरीत बोट नाही बसत.
असा रोवला त भरन का धान?

तीन आठवडे ते पोस्टर माझ्या टेबलावर होतं.
ओळींमधल्या अंतरावर मी दुसऱ्या वर्षाला एक अख्खा तास घेतो.

प्रणोतीनं त्याच संध्याकाळी फाइल उघडली,
अंतर वाढवलं, बोट स्क्रीनला लावून,
आईचं नाही, स्वतःचं, जरा बारीक पडतं म्हणून
थोडं आणखी.

मार्कांच्या तक्त्यात शुद्धलेखनाचा एक रकाना आहे.
तिच्या नावापुढं तो रिकामा आहे.
कोंडा बसलाय त्यावर. असू दे.