पूर्णविरामाचं बटण

दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं
आणि कॉम्प्युटरची कूस उघडली.
पहिली शिंक. मग दुसरी.
निपाणीत, वखारीच्या गल्लीत वीस वर्षं काढलेलं मशीन,
पंख्यात तंबाखूची पूड, अजून तिखट.
आत ते कार्ड: वीतभर लांब, सोळा बिटांचं,
पिवळे दात खाचेत रुतवून बसलेलं.
दुकानात चार लॅपटॉप आहेत,
पण एकालाही टेप जोडायला भोक नाही.

चेलनाताई इचलकरंजीहून फोनवर म्हणाली होती,
"आण्णांच्या अकरा कॅसेटी सापडल्या.
बघ काय निघतंय का."
आण्णा म्हणजे तवनाप्पा उगारे.
जीपवर भोंगा, मांडीवर टेप, पायाशी बॅटरी.
तंबूत आज नवा खेळ.
उद्या नळाला पाणी नाही.
खिलारी बैल चुकलाय, शिंगं निळी.

लिनक्स काही समजावून सांगत नाही,
काळ्या पडद्यावर एक ओळ टाकून गप्प बसतं:
सात नंबर मोकळा नाही.
प्रिंटर आणि कार्ड, दोघांचा एकाच सातावर दावा.
निपाणीत जन्मलोय, दावे मला नवे नाहीत.
प्रिंटर तर केव्हाच भंगारात गेलेला,
त्याचा हक्क तेवढा नोंदीत राहिलेला.
कार्डाला पाच दिला.
मोड्यूल काढलं, परत घातलं.

खर्रर्र.

मग आण्णा. फक्त डाव्या स्पीकरातून.
"निपाणीकर मंडळी, इकडं ध्यान द्या!
चार-पाच वर्षांचा पोरगा सापडलाय.
लाल चड्डी, पायात एकच चप्पल.
मराठी कळत नाही. नाव सांगत नाही.
ज्याचा असंल त्यानं चौकीत यावं."

उजवा गप्प.
पिना स्पिरिटनं पुसल्या.
स्पीकरांच्या वायरी उलटसुलट केल्या,
तर गप्पपणाच डावीकडं सरकला.
म्हणजे स्पीकर शाबूत. मुकं झालंय ते आत.

साडेबाराला आठवलं.
जीपमागं पळणाऱ्या पोरांत मीही होतो,
आणि आण्णा टेपवरचा एक खटका फिरवायचे, गल्ली बघून.
कॅसेट वाचवायला
एका बाजूला मराठी भरलेलं, दुसऱ्या बाजूला कानडी.
काही गल्ल्यांत खटका मधोमध ठेवायचे,
तिथं नुसता गलका व्हायचा
आणि सगळ्यांना सगळं कळायचं.

मिक्सर उघडला. उभे दांडे, तळाला हिरवे, टोकाला लाल.
लाइन नावाच्या दांड्याखाली दोन घरं:
डावीकडं ओ, उजवीकडं एम.
एम म्हणजे म्यूट.
म म्हणजे मुकं.
कानडीतही मूकच.
मदतीच्या पानावर लिहिलेलं,
डावं उघडायला स्वल्पविराम,
उजवं उघडायला पूर्णविराम.

दाबला.

"केळ्री, केळ्री..."
तोच गळा, पण भोंगा बाजूला ठेवल्यासारखा.
मला कानडी कळतं, बोलताना तेवढी जीभ अडते.
या बाजूला आण्णांनी चौकीचं नावच घेतलं नाही.
म्हणाले, अव्वा, लेकरू माझ्यापाशी हाय,
भडंग खाल्लंय, पाणी प्यालंय,
दुसरी चप्पलपण मिळाली, गटारीकडंला.
सावकाश ये. पळू नको.
आणि त्यांच्या आवाजामागं, अगदी बारीक,
नाक ओढल्याचा आवाज.
मग, "अव्वा बंदळेनु?"
आली का आई?

आण्णांनी काय सांगितलं त्याला, कळत नाही.
खट्. पुढं तंबूतल्या खेळाची जाहिरात,
डावीकडं मराठीत, उजवीकडं कानडीत, शब्दाला शब्द.
अकराही कॅसेटी ऐकल्या.
पोराची आई कुठंच नाही.

सकाळी मशीन सुरू केलं तर उजवीकडं परत एम.
सेटिंग साठवायचा हुकूम असतो, मला तो पाठ आहे.
दिला नाही अजून.
शटर वर करतो, मशीन लावतो,
अगोदर पूर्णविराम दाबतो.