रीडिंग

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींवरचे आकडे वाचतो आहे.
गोळीबार चौक, पाचपावली, बंगाली पंजा.
जिन्याखालची जाळी, चपलांचा ढीग, त्यामागे मीटर.
कोणी पाणी विचारतं,
कोणी म्हणतं, एवढं बिल आलं कसं हो?
मी म्हणतो, मीटर खोटं नाही बोलत बाई,
कूलर चालला असंल रातभर.

आकडा मागे जात नाही,
हे मला ठाऊक होतं. इतरांपेक्षा जास्तच.

लोकेश निमजे म्हणाला,
भाऊ, जग कुठं गेलं अन् तू कुठं हायेस बे!
वर्धा रोडवरच्या हॉटेलात थंडगार हॉल,
प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात ज्याचं त्याचं नाव.
लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच
माझं नाव कोणी छापलं होतं.
सूटवाला म्हणाला, हे नाणं अजून कोणालाच माहीत नाही.
तेवढं मात्र खरं होतं.

नाणं.
मुठीत येत नाही, फरशीवर टाकलं तर वाजत नाही,
इतवारीतल्या सराफाच्या काट्यावर चढत नाही.
फोनमध्ये एक हिरवी रेघ
आणि तिच्या शेंड्याला लोंबकळलेला मी.

चार लाख साठ हजार.
वरच्या मजल्याचे होते.
कॉलममधून सळाखी काढून ठेवल्यात आठ वर्षांपासून,
टोकांवर उलट्या बाटल्या, पोरांना लागू नये म्हणून.
कुंदा त्यांना दोरी बांधून कपडे वाळवते.
तिथे पोरीची खोली होणार होती.
पडद्याचा रंग ठरला होता, भिंती तेवढ्या बाकी होत्या.

जानेवारीत साताचा आकडा दिसला, फेब्रुवारीत अकराचा.
त्या दिवसांत मी शीळ घालत जिने चढायचो,
रीडिंग घेता घेता
मनातल्या मनात एकेक घर विकत घ्यायचो.
हे गच्चीवालं. हे नको, बोळ अरुंद आहे.

सासऱ्यांनाही मीच सांगितलं.
चाळीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस,
साठ हजार रुपये जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणले.
एकच विचारलं त्यांनी :
हे ठेवतात कुठं?
मी हसलो.
ते हसणं मला अजून ऐकू येतं, झोपेत.

मार्चमध्ये पैसे काढायचं बटण राखाडी झालं.
निरोप आला, आधी तीस टक्के कर भरा, मग रक्कम सुटेल.
तोही भरला. कुंदाची पोत मोडून भरला.
मग एका दुपारी फोनच्या पडद्यावर
नुसता पांढरा चौकोन,
चुना मारलेल्या भिंतीसारखा.

लोकेशचा तर प्लॉटच गेला.
परवा झिरो माईलपाशी दिसला, सिग्नलला.
मागे ते दगडी घोडे, दौडत सुटल्यासारखे,
जागच्या जागी.
मी हात वर केला. त्याने हेल्मेटची काच खाली घेतली.

सासरे आले रविवारी.
पैशाचं काही बोलले नाहीत.
गच्चीवर गेले, दोरीची ढिली गाठ सोडली,
विणकराची बोटं, एका फेऱ्यात नवी मारली,
म्हणाले, आता नाही सुटत.
चहा घेऊन निघून गेले.
शिव्या दिल्या असत्या तर
त्या रात्री मी बहुतेक झोपलो असतो.

उकाडा अंगावर बसून होता.
मी कूलर लावला नव्हता. वाचवत होतो,
काय वाचवत होतो कोण जाणे.
अंधारात कुंदा म्हणाली,
दुनियेचे आकडे वाचता तुम्ही,
मले एक डाव दाखवाचा होता ना तो आकडा.

मी काही बोललो नाही.
ती उठली, बटण दाबलं.
वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला,
पोरीने झोपेतच पाय लांब केले.

दाराबाहेर आमच्या मीटरचा लाल ठिपका
लुकलुकत राहिला.
घरात तेवढंच काहीतरी वाढत होतं,
न चुकता, खरंखुरं.