आवृत्ती सात

कपाटात सातवी आवृत्ती आहे, तीच खरी.
आधीच्या सहा मी माझ्या हातांनी गोळा केल्या,
लाल शिक्क्यानं बाद केल्या
आणि श्रेडरच्या तोंडी दिल्या.
फुग्लाफ्योर्दरच्या या दोरखान्यात
माझं काम एवढंच :
एका वेळी एकच सत्य भिंतीवर राहील
हे बघणं.

सत्य असं आहे :
पायलट चढतो त्या शिडीचा दोर मनिला, तिपेडी,
जाडी अठरा मिलिमीटरच्या खाली नाही.
पायरी ते पायरी तेहतीस सेंटिमीटर, दोन इकडे, दोन तिकडे.
खालच्या चार पायऱ्या रबराच्या.
वरच्या फाशाच्या सांध्याला टाके पाच.
खाली तीन सह्या. त्यातली एक माझी, सुन्वाची.
त्या दिवशी माझी दाढ दुखत होती,
हे कुठे नोंदलेलं नाही.

लोक हसतात माझ्या फायलींना.
हसोत.
दूर कुठल्या तरी खाडीच्या तोंडाशी
रात्री दोन वाजता एक माणूस हलत्या जहाजावर चढतो.
खाली बघत नाही, वर बघत नाही,
पाय उचलतो
आणि पाय जिथे जातो तिथे पायरी असते.
ते तेहतीस सेंटिमीटर माझे आहेत.

ऑडिटच्या आदल्या आठवड्यात
हॉग्नीच्या बाकाखाली, डांबराच्या डब्याला बूड म्हणून,
चौथी आवृत्ती सापडली.
रद्द होऊन अकरा वर्षं झालेली.
चहाचे तीन गोल. समासात पेन्सिल :
‘दोर ओला असेल तर सहावा टाका.’

हे काय, मी विचारलं.
अक्षर माझंच, तो म्हणाला.
आणि घालतोस अजून?
त्यानं खिडकीकडे मान केली.
‘इथे कोरडा दिवस कधी बघितलास?’

म्हणजे अकरा वर्षं.
म्हणजे चारशे बारा शिड्या, अनुक्रमांकासकट,
रॉटरडॅमला, हॅलिफॅक्सला, कुठे कुठे,
आणि प्रत्येकीत एक टाका असा
जो कुठल्याच कागदावर नाही.
कमी असता तर पाप झालं असतं.
जास्त आहे, तर त्याला काय म्हणायचं?
नियमपुस्तकात दोन्हींना शब्द एकच.
मी तो लिहिला : विचलन.
हात जड झाला. लिहिला.

मग खेचून पाहिले दोन्ही.
पाच टाक्यांचा तुटला, सहाचाही तुटला,
जवळजवळ तेवढ्याच भाराला, सांध्यापासून लांब, मधोमध.
साहेबांनी आलेख छापला,
दोन रेषा, एकीवर एक.
‘बघ, तुझा सहावा फुकटचा.’
हॉग्नीनं तुटकं टोक उचलून नाकाशी नेलं.
‘कोरडा होता,’ म्हणाला,
आणि जेवायला गेला.

तो जुना कागद मी यंत्रात अर्धा सोडला होता.
सुंभ जळतो, पीळ राहतो,
कापून मी नेमकं काय कापणार होते?
मागे ओढला. कडेला दातांच्या खुणा.
एक प्रत ठेवता येते, नियमात बसतं :
‘केवळ माहितीसाठी’, निळा शिक्का.
तो शिक्का मी आजवर कधी वापरला नव्हता,
शाई वाळलेली होती,
थुंकी लावून मारला.

आता मागच्या अंगणात समुद्राच्या पाण्याचं पिंप आहे.
आत दोन तुकडे, चिठ्ठ्या बांधलेले, पाच आणि सहा.
नव्वद दिवस. आज नववा.
माझ्या पडद्यावर आठवी आवृत्ती, मसुदा,
‘टाके’ या शब्दापुढे रिकामी चौकट, लुकलुकती.
हॉग्नी रोज सकाळी येऊन
पाण्यात बोट बुडवतो, काही बोलत नाही.

गुरुवारी ऑडिटर आला. कपाट बघितलं, भिंत बघितली,
सगळीकडे सात, सात, सात.
खूश होता.
जाता जाता अंगणात थांबला : यात काय आहे?
चाचणी चालू आहे, मी म्हटलं. निकाल माहीत नाही.
त्यानं पेनाचं टोपण काढलं,
वाकून पाण्यात बराच वेळ बघत राहिला,
आणि टोपण
तिथेच पिंपाच्या काठावर विसरून गेला.