बिऱ्हाडं

रेक्समला रविवारी सकाळी
ग्लेनिसबाईंनी मधली भिंत ठोकली.
लेकानं धाडलेला लॅपटॉप, कोरा करकरीत.
म्हणाल्या, "यात आधीच कुणीतरी राहतंय."

राहत होतेच.
दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर गुरगुरणारे,
"फक्त नऊ दिवस उरलेत" असं
ब्याऐंशीच्या बाईला बजावणारे.
एक कूपनवाला. एक कसिनो,
न विचारता नाणी खुळखुळवणारा.

एकेकाला दार दाखवलं.
निघताना सगळ्यांचं तेच: नक्की ना?
आमचं काय चुकलं, तेवढं सांगा.
कूपनवाला तर रीस्टार्टनंतर
पुन्हा ओसरीवर, पाय पसरून.
"माझा धाकटा दीर," ग्लेनिसबाई म्हणाल्या,
आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

दुपार झाली. चहावर साय धरली.

उरला कोपऱ्यातला हवामानवाला.
कुणी कधी बसवलं कोण जाणे, त्याचं गाव टेक्सासमधलं लबक:
अडतीस अंश, आभाळ निरभ्र.
गाव बदलायला गेलो
तर त्यांनी मनगट धरलं.
"असू दे. इथला पाऊस
काचेतून दिसतोच की मला."

आता कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना
भिजत, कुंपणापलीकडून मला कळतं
लबकला आज धूळ उडतेय.