शुक्रवारचा रकाना

हेल्वेचा फोन आला तेव्हा अर्धवट झोपेतच म्हटलं,
पान नीट आहे, माझ्याकडे नीट दिसतंय.
"तुझ्याकडे," ती म्हणाली,
आणि मग बंदरावरचा वारा तेवढा ऐकू आला.

माझ्याकडे म्हणजे हापसालूत, हीटरला पाय लावून,
सत्तावीस इंची पडद्यावर
बोटीचं वेळापत्रक ऐसपैस बसलेलं:
सात वार, सात रकाने
आणि सगळ्यात उजवीकडे बारीक टीप,
शुक्रवारी संध्याकाळची फेरी नाही.
तिच्या फोनवर आठवडा गुरुवारपाशीच संपत होता.
तळहाताएवढी काच, कोपऱ्याला तडा,
तीनशेवीस पिक्सेल.
उरलेले वार काचेबाहेर, अंधारात लोंबकळत.
एक्काहत्तर वर्षांची बाई, दोन पिशव्या, यीस्टचं पुडकं,
रात्रभर धक्क्यावरच्या बाकावर,
कारण मी माझी खिडकी
कधी ओढून लहान करून पाहिली नव्हती.

अंथरूण पाहून पाय पसरावे, म्हणतात.
माझं काम उलटं:
पाय कुणाचे, केवढे, ते न दिसता
ज्याला त्याला पुरेल असं अंथरूण.

म्हणून त्या सकाळी मीडिया क्वेरी लिहिली.
रुंदी जास्तीत जास्त सहाशे. मग महिरपी कंस.
(या वाकड्या रेघेत ज्याला महिरप दिसली
त्याला एकदा भेटायला हवं.)
त्या कमानीखालून सात रकाने
वाकून एकेक आत आले
आणि एकाखाली एक उभे राहिले,
सोमवारच्या पायाशी मंगळवार.
टीप सर्वांत वर, ठळक.

मग वाढतच गेलं.
आर्वो, हेल्वेचा भाऊ. झटका येऊन गेल्यापासून
काही हलताना पाहिलं की त्याच्या पोटात ढवळतं.
मी हौसेनं घातलेल्या निळ्या लाटा
एका अटीवर थांबवल्या:
ज्याने फोनला बजावून ठेवलंय, हालचाल नको,
त्याच्यापुढे समुद्र निपचित.
दुकानाच्या दारावर चिकटवायला प्रत हवी,
तर कागदाची वेगळी अट. मेनू नको, निळाई नको,
बेटावर शाई महाग.
पहाटे चारला दुधाची गाडी काढणाऱ्या काल्योसाठी
काळं पान, राखाडी अक्षरं.

जर. जर. जर.
समोर कोण आहे ते मला कधीच दिसत नाही.
मी अटी लिहून ठेवते
आणि उठून चहा टाकते.

फेब्रुवारीत समुद्र गोठला.
बोटी थांबल्या, बर्फावरचा रस्ता खुला झाला,
त्याचे नियम पानावर चढवताना हसूच आलं:
वेग ताशी पंचवीसच्या आत,
किंवा चाळीस ते सत्तर.
मधला नको. त्या वेगाला
बर्फाखालची लाट गाडीबरोबर धावू लागते
आणि रस्ता मोडतो.
सीटबेल्ट लावू नये.
किमान, कमाल. माझ्या कितीतरी आधी
कुणीतरी हे पाण्यावर लिहून ठेवलेलं.

त्याच रात्री सापडलं:
माझी एक अट सहाशेला संपते,
दुसरी सहाशेएकला सुरू होते.
मध्ये फट. कुणी झूम करताना
नेमका सहाशे आणि अर्ध्यावर थांबला
तर पान ना अरुंद ना रुंद,
शनिवार शुक्रवारच्या पाठीवर.
असा कोण थांबणार आहे तिथे, म्हणत म्हणत
चहा निवेपर्यंत आकडे जुळवत बसले.

दुसऱ्या दिवशी हेल्वेचा फोन.
काल्योच्या गाडीतून, बर्फावरून.
"शुक्रवार दिसला गं. पण अक्षरं केवढी!
मी बहिरी नाहीये."
मागे आर्वो, बाहेर बघायला नको म्हणून
काट्यावर डोळे लावून, मोठ्याने वाचत होता:
बावीस. तेवीस. बावीस.