नाडी

पगार शुक्रवारी, दोनच्या भोंग्याला.
अडीचला आई दुकानात.
कोट काढणं, पाणी पिणं, आम्हाला जवळ घेणं,
सगळं तेलानंतर.

रोसारिओ शहर. एकोणनव्वदचा जून,
म्हणजे आमच्याकडे हाडं गोठवणारी थंडी.
मी नऊ वर्षांची, फाबियान सहाचा,
आम्ही दोघं आईचे जादा हात.
'तू साखर. तू शेवया.
पळायचं नाही. पण थांबायचंही नाही.'

दुकानात दारिओ नावाचा पोरगा होता,
त्याच्या हातात किमती चिकटवायचं यंत्र.
टक्. टक्. टक्.
सकाळच्या आकड्यावर दुपारचा आकडा.
तो मैद्याकडून पुढे सरकायचा,
आई साबणाकडून,
आणि मध्ये कुठेतरी सूर्यफुलाचं तेल.
माणशी दोन बाटल्या. आम्ही तिघं.

आई हिशेबाला पक्की.
मातेची वापरलेली पानं
अंगणात वर्तमानपत्रावर वाळवायची, पुन्हा प्यायला.
पेपर न वाचताच पसरायची.
'आकडे कालचेच, पानांना चालतील.'
वांग्याच्या कापांना पावाचा चुरा लावून तळायची
आणि म्हणायची, मांसच आहे, डोळे मिटून खा.
फाबियान डोळे उघडे ठेवून विचारायचा,
'ही गाय झाडाला लागते का?'

एकदा शेजारच्या एर्मिनियाबाईंबरोबर
पिठाचं पोतं निम्मं निम्मं घेतलं.
तराजू नव्हता.
दोघींनी पिशव्या हातात तोलल्या,
'माझीच जड आहे हो,' म्हणत
एकमेकींच्या पिशवीत मुठी टाकत राहिल्या.
दाराच्या पायरीवर बरंच पीठ सांडलं.
ते मात्र आईने भरलं नाही, आम्हाला त्यात नावं लिहू दिली.

आणि तो शुक्रवार.
रांगेतून वाट काढताना
आईच्या पिशवीचा बंद तुटला, बटाटे घरंगळले.
दारिओ तेलापाशी पोचला होता.
आई अजून खाली, गुडघ्यांवर.
त्याने एकदा मालकाच्या काचेकडे पाहिलं,
यंत्र काखेत धरलं,
आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

बांधतोय, बांधतोय.
एवढी लांब नाडी.

आईने सहा बाटल्या उचलल्या.
फाबियान, त्याच उंचीवर उभा,
मोठ्याने म्हणाला, 'आई, याला नाडीच—'
तिने शेवयांचं पाकीट त्याच्या तोंडावर दाबलं.

दारिओच्या पायात आल्पार्गाता होत्या,
दोरखंडी तळव्याच्या, कापडी.
त्या नुसत्या पायात सरकवायच्या असतात.

आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
आभार मानले असते तर मालकाला कळलं असतं.
दाराबाहेर पडेपर्यंत मागे
टक्. टक्. टक्.

घरी तिने बाटल्या फळीवर मांडल्या,
चिठ्ठ्या भिंतीकडे करून.
मग कोट काढला. मग पाणी.
मग आम्हाला एवढं घट्ट धरलं
की तिच्या मनगटाची धडधड माझ्या कानाला कळत होती.

आता किमती आठवडाभर तरी टिकतात.
तरी डबा हातात घेतला की
माझं नख आपोआप चिठ्ठीखाली जातं,
खाली जुना आकडा आहे का बघायला.
माझी मुलगी वैतागते, 'आई, लोक बघतायत.'
मग मी डबा खाली ठेवते
आणि वाकते
नाडी बांधायला.